मूठ कोणाच्या हातासाठी?

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना बंदूक आणि गोळी यांचे उदाहरण बहुतेक पाठ्यपुस्तकांत येते. गोळीचे वस्तुमान, गोळीचा वेग आणि बंदुकीचे वस्तुमान दिलेले असते. बंदूक किती वेगाने मागे येईल ते काढायचे असते. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने दोन ओळींत उत्तर येते आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. पण मागे आलेली बंदूक पुढे कोठे जाते? ती कोणाच्या तरी हातात येऊन थांबते. पुस्तकातील गणित जेथे संपते, तेथे हाताचा प्रश्न सुरू होतो.

हा प्रश्न मोठ्या व्यासाच्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत सर्वांत तीव्र असतो. लांब बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकतो. रिव्हॉल्व्हरला खांदा नाही. सारा धक्का तळहातावर, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात आणि मनगटावर येतो. म्हणून मूळची मूठ काढून आपल्या हाताला मानवेल अशी दुसरी बसवण्याची खटपट अमेरिकेत अनेक दशके चालू राहिली. त्या खटपटीचा इतिहास आपण येथे पाहणार आहोत. रिव्हॉल्व्हर हे जीव घेण्याचे साधन आहे आणि त्याचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. पण हात आणि यंत्र यांचे नाते कसे जुळते, कोठे बिघडते आणि त्यात कोणाचा हात गृहीत धरला जातो, हे या एका वस्तूत फार स्पष्ट दिसते.

नांगराची मूठ

सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन कारखानदाराला १८३६ साली फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट मिळाले. १८४७ साली कॅप्टन सॅम्युएल वॉकर यांच्या सूचनांनुसार त्याने बनवलेले रिव्हॉल्व्हर सुमारे दोन किलो वजनाचे होते. ते कमरेला नव्हे, तर घोड्याच्या खोगिराला अडकवून न्यायचे. १८५१ साली त्याने बरेच हलके, ०.३६ इंच व्यासाचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याच्या मुठीचा आकार लोकांना इतका मानवला की १८७३ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या ०.४५ इंची कोल्टलाही तीच घडण मिळाली. अमेरिकेत या आकाराला 'नांगराची मूठ' म्हणतात.

ही मूठ वर बारीक, खाली रुंद आणि मागून गोलसर वळलेली असते. हात वर सरकू नये म्हणून तिला कोठेही अडसर नसतो. गोळी सुटली की रिव्हॉल्व्हर हातातल्या हातात वरच्या बाजूला फिरते. हा दोष वाटेल. पण या जुन्या रचनेत प्रत्येक गोळीपूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे. रिव्हॉल्व्हर फिरले की घोडा आपोआप अंगठ्याजवळ येई. शिवाय फिरण्यात वेळ जाई, आणि धक्का जितक्या जास्त वेळात विभागला जाईल तितके बल कमी. क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे नेतो, त्यातलाच हा प्रकार.

एक बोट, दोन कामे

कोल्ट आणि लंडनचे रॉबर्ट अ‍ॅडम्स या दोघांचीही रिव्हॉल्व्हरे १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलेली होती. क्रिमियाच्या युद्धात आणि १८५७ च्या उठावात ब्रिटिश अधिकाऱ्यांजवळ दोन्ही प्रकार होते. अ‍ॅडम्सच्या रचनेत अंगठ्याचे काम उरले नव्हते. चाप ओढला की घोडा मागे जाई, चक्र फिरे आणि घोडा पडे. एकाच बोटाने दोन्ही कामे करायची, तर त्याला जोर जास्त लावावा लागतो आणि ते दर वेळी चापाच्या त्याच जागी पडावे लागते. मूठ हातात सरकून चालणार नाही.

म्हणून अशा रिव्हॉल्व्हरांच्या मुठीला मागे, अगदी वर, एक उंचवटा आला. बेचका त्याच्याखाली अडकतो आणि हात वर सरकत नाही. पुढे इंग्लंडच्या वेब्ली आणि अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन या कंपन्यांच्या रिव्हॉल्व्हरांतही हा उंचवटा दिसतो. पण एक अडचण सुटली की दुसरी येते. उंचवट्यामुळे हात खाली राहतो, आणि चापाभोवतीच्या लोखंडी कड्याच्या मागे एक पोकळी उरते. धक्का बसला की ते कडे मधल्या बोटाच्या सांध्यावर आदळते. शिवाय नळी हाताच्या जितकी वर, तितकी तरफेची भुजा मोठी. त्यामुळे नळीचे तोंड जास्त उसळते.

या दुखण्यावर ब्रिटिश सैन्याने सरळ उपाय केला. १८८७ सालापासून वापरात असलेली वेब्लीची ०.४५५ इंची रिव्हॉल्व्हरे भरभक्कम होती. पण पहिल्या महायुद्धानंतर, थोड्या सरावात शिकता यावे म्हणून सैन्याने धक्का कमी देणारे ०.३८ इंची काडतूस निवडले आणि १९३२ साली त्याचे एनफिल्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारले. म्हणजे मूठ तशीच ठेवून काडतूस सौम्य केले. अमेरिकेतील शिकारी आणि हौशी नेमबाज उलट दिशेने गेले. त्यांनी काडतूस जोरदार केले आणि सारा भार मुठीवर टाकला.

दोन फळ्या आणि एक स्क्रू

मूठ बदलता येते, कारण ती मुळात रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर बसवलेले आवरण असते. सांगाड्याच्या पोलादी भागाला दोन बाजूंनी दोन फळ्या लावायच्या आणि आरपार स्क्रू पिळायचा. स्क्रू काढला की नवी जोडी बसवता येते.

या फळ्या बहुधा अक्रोडाच्या लाकडाच्या असत. अक्रोड कठीण असूनही कोरता येतो आणि सहसा तडकत नाही. त्यावर बारीक चौकटी खोदल्या की घाम आलेल्या हातातही पकड राहते. १८४४ साली चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकाने टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट मिळाले. गंधक बरेच वाढवले की रबर लाकडासारखे कडक होते, ते एबोनाइट. १८८० च्या दशकात कोल्टच्या मुठी या कडक रबराच्या होऊ लागल्या. साच्यात ओतून हव्या तितक्या सारख्या मुठी काढता येत. स्वस्तपणा आणि एकसारखेपणा दोन्ही साधले. पण एकसारखेपणा मुठींत आला, हातांत नव्हे.

हस्तिदंती मुठीही होत्या. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सेनापती जॉर्ज पॅटन यांच्या हस्तिदंती मुठी प्रसिद्ध आहेत. मात्र गुळगुळीत हस्तिदंत दिखाऊ असला तरी जोराच्या धक्क्यात तो हातातून सरकतो.

मॅग्नमचे गणित

१९३५ साली स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर काढले. त्याच सुमारास मुठीच्या फळ्या वर सांगाड्याच्या खांद्यापर्यंत वाढवण्यात आल्या, म्हणजे बेचक्याला लोखंडाच्या अरुंद कडेऐवजी रुंद लाकूड टेकेल. कड्यामागची पोकळी भरणारे लहान तुकडेही वेगळे मिळू लागले. मग एल्मर कीथ या पशुपालक आणि शिकारी लेखकाने अनेक वर्षे लावून धरल्यामुळे १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम आले.

आपण आता पाठ्यपुस्तकातले गणित या दोन काडतुसांवर करून पाहू. पोलिसांच्या साध्या .३८ काडतुसाची गोळी सुमारे १० ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर. दारूच्या वायूंचा वाटा धरून एकूण संवेग साधारण २.७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. रिव्हॉल्व्हर ०.९ किलोचे, म्हणून ते सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे येते आणि त्याची गतिज ऊर्जा सुमारे ४ ज्यूल होते. .४४ मॅग्नमची गोळी १५.५ ग्रॅमची आणि वेग सुमारे ४०० मीटर. वायूंसह संवेग ८ च्या आसपास. रिव्हॉल्व्हर १.३५ किलोचे, त्याचा मागे येण्याचा वेग सुमारे ६ मीटर आणि ऊर्जा सुमारे २४ ज्यूल.

संवेग तिप्पट झाला, पण ऊर्जा सहापट झाली. चार ज्यूल म्हणजे चारशे ग्रॅमची वस्तू एक मीटरवरून हातात पडणे. चोवीस ज्यूल म्हणजे जवळजवळ अडीच किलोची. आणि तीही सपाट तळव्यावर नव्हे, तर अंगठ्याच्या बेचक्यावर. म्हणून कंपनीने या रिव्हॉल्व्हरला पूर्वीपेक्षा बऱ्याच जाड, खाली फुगीर अशा लाकडी मुठी दिल्या. मोठ्या पंजाच्या माणसाला त्या उत्तम होत्या.

रबर नेमके काय करते?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या पोलीस दलातील गाय होग हे मुठी बनवू लागले. बोटांसाठी खाचा असलेली, एकसंध, खालून सांगाड्यावर चढवायची मूठ ही त्यांच्या कंपनीची ओळख ठरली. १९७० च्या दशकात त्याच शहरातील पॅकमायर कंपनीच्या मऊ कृत्रिम रबराच्या मुठी लोकप्रिय झाल्या. 'रबरी मूठ धक्का कमी करते' हे वाक्य तेव्हापासून सर्वतोमुखी आहे. ते खरे आहे का?

संवेगाच्या बाबतीत ते मुळीच खरे नाही. मूठ लाकडाची असो वा रबराची, हाताला ८ एककांचा संवेग थोपवावाच लागतो. प्रश्न किती वेळात एवढाच आहे. समजा, सहा मीटर वेगाने येणारे रिव्हॉल्व्हर केवळ तीन मिलिमीटर रबर दाबून थांबले. त्याला एक सहस्रांश सेकंद लागेल आणि सरासरी बल ८,००० न्यूटन होईल; असे बल कोणाचाही हात सोसणार नाही. पण कोपर आणि खांदा सैल ठेवून हात वीस सेंटिमीटर मागे-वर जाऊ दिला, तर सुमारे ०.०७ सेकंद मिळतात आणि बल १२० न्यूटनांवर येते. म्हणजे रिव्हॉल्व्हर थांबवण्याचे खरे काम दंड आणि खांदा करतात, रबर नव्हे.

मग रबराचा उपयोग काय? पहिल्या क्षणी पोलादाची कड त्वचेवर आदळते, त्या क्षणाची धार रबर बोथट करते. तेच बल जास्त क्षेत्रफळावर पसरवते, म्हणून दाब कमी होतो. आणि घर्षण वाढवून मूठ हातात सरकू देत नाही. हे तिन्ही फायदे मोलाचे आहेत. पण ते आकार नीट असला तर लाकूडही बऱ्याच अंशी देते. उलट, चिकट रबर कपड्यात अडकते, म्हणून अंगाजवळ रिव्हॉल्व्हर बाळगणारे अनेक जण लाकडाकडेच परतले.

अर्धा सेंटिमीटर

मूठ निवडताना खरी कसोटी लागते ती मागच्या पोलादी पट्टीपाशी. ही पट्टी उघडी ठेवली तर बेचका पोलादाला टेकतो आणि धक्का बोचतो. तिच्यावर रबराचा थर घेतला तर बोचणे थांबते. पण हात तितकाच मागे जातो आणि चाप तितकाच दूर होतो. अर्ध्या सेंटिमीटरचा थर बोटाच्या पोहोचेतून अर्धा सेंटिमीटर कापून घेतो. मोठ्या हाताला ते जाणवत नाही. लहान हाताचे बोट चापाच्या कडेलाच पोहोचते. मग माणूस मूठ तिरकी धरतो, नळी आणि हाताचे हाड एका रेषेत राहत नाहीत, आणि सगळा धक्का अंगठ्याच्या मुळाशी जातो. ज्या थराने दुखणे थांबायचे, त्यानेच ते वाढते.

आणखी एक अडसर असा की, पोलादी सांगाड्यावर काही चढवता येते, त्यातून वजा करता येत नाही. कारखानदारांनी म्हणून सांगाडाच बदलून पाहिला. १९५६ साली रूगर कंपनीने .४४ मॅग्नमसाठी जुनी नांगराची मूठ वापरली. १९५९ साली तिने लांब मूठ आणि मागून चौकोनी कडे असलेले नवे रूप आणले. तर त्या चौकोनी कड्याचाच कोपरा बोटाच्या सांध्यावर लागतो, अशी अनेकांची तक्रार झाली. १९८५ साली याच कंपनीने .३५७ मॅग्नमच्या एका नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये वेगळा विचार केला. मुठीच्या आकाराचा सांगाडा ठेवण्याऐवजी फक्त एक बारीक पोलादी खुंटी ठेवली आणि मूठ तिच्याभोवती चढवली. आता मूठ जाड करता येई, तशी बारीकही करता येई. १९८७ साली कंपनीने हीच रचना .४४ मॅग्नमलाही दिली. २००३ साली स्मिथ अँड वेसनने .५०० मॅग्नमचे दोन किलोंहून जड रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा त्याचा मुठीकडचा सांगाडा मात्र मध्यम आकाराच्या रिव्हॉल्व्हरइतकाच ठेवला. धक्का .४४ च्या दुप्पट झाला होता. हात तेवढाच होता.

सरासरी हात

या सर्व काळात मुठी घडवणाऱ्यांसमोर कोणता हात होता? बहुतेक वेळा धडधाकट पुरुषाचा. १९७२ साली अमेरिकेत नोकरीतील समान संधीचा कायदा राज्यांच्या आणि शहरांच्या प्रशासनांनाही लागू झाला आणि पोलीस दलांत गस्तीच्या कामावर स्त्रिया मोठ्या संख्येने येऊ लागल्या. त्याच वर्षी एफ.बी.आय.ने स्त्रियांना पुन्हा विशेष अधिकारी म्हणून घेतले. पोलिसांचे नेहमीचे हत्यार तेव्हा रिव्हॉल्व्हर होते. ज्या उमेदवाराचे बोट चापापर्यंत नीट पोहोचत नाही, तिचा नेम चुकणारच. आणि 'स्त्रियांच्या हातात जोर नसतो' असे म्हणून विषय संपवणे सोपे असते. लहान हाताच्या पुरुषांचीही हीच गत होती, फक्त त्यांच्याबद्दल असे विधान कोणी करत नसे.

सरासरीचा हा भ्रम किती खोल आहे, ते अमेरिकी हवाई दलातील गिल्बर्ट डॅनियल्स यांनी १९५२ सालच्या अहवालात दाखवले होते. त्यांनी ४,०६३ वैमानिकांच्या शरीरांची दहा मापे तपासली. दहाही मापांत सरासरीच्या जवळपास असणारा माणूस त्यांना एकही आढळला नाही. सरासरी माणसासाठी केलेली आसने, म्हणजे कोणासाठीच नेमकी नसलेली आसने. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीयांच्या शरीरमापांचे संकलन १९९७ साली प्रसिद्ध केले. तोवर बाहेरच्या देशांतील मापांवर बरेच काम भागवले जाई.

म्हणून मूठ निवडण्याचा शहाणा क्रम हातापासून सुरू होतो. आधी नळी हाताच्या हाडाच्या रेषेत ठेवून बोट चापावर कोठे पडते ते पाहायचे. मग कड्यामागची पोकळी भरली आहे का आणि हात शक्य तितका वर बसतो का, ते पाहायचे. मागची पट्टी उघडी की झाकलेली हे त्यानंतर. रबर की लाकूड हा प्रश्न अगदी शेवटी. बाजारात तो सर्वांत आधी विचारला जातो.

सांबर आणि शिसवी

या इतिहासाचा एक धागा आपल्या जंगलांपर्यंत येतो. मुठी आणि सुऱ्यांचे दस्ते यांसाठी पाश्चात्त्य कारागिरांना भारतातील सांबराचे शिंग फार प्रिय होते. ते भरीव असते आणि त्याचा खडबडीत पृष्ठभाग हाताला धरतो. सांबराची शिंगे दर वर्षी गळतात हे खरे. पण गळलेले शिंग कोणते आणि मारलेल्या सांबराचे कोणते, हे ढिगाऱ्यात ओळखणे अवघड असते. १९९८ साली भारताने या शिंगांची निर्यात बंद केली. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार, आशियाई हत्तींच्या बाबतीत १९७५ साली आणि आफ्रिकी हत्तींच्या बाबतीत १९८९ सालच्या निर्णयाने बंद झाला होता. सह्याद्रीतली शिसवी ज्या गटात मोडते, त्या संपूर्ण वृक्षगटाच्या व्यापारावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले. मूठ नुसती हाताला मानवून भागत नाही. ती कोठून आली, हेही विचारावे लागते.

वर्गात हा विषय घेण्यासाठी बंदुकीची गरज नाही. विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या पंजांची तीन मापे घ्यावीत: बेचक्यापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची लांबी, तळव्याची रुंदी आणि अंगठा व मधले बोट जुळवून होणाऱ्या वर्तुळाचा व्यास. त्यांची सरासरी काढावी आणि तिन्ही मापांत सरासरीच्या जवळ असणारे किती जण निघतात ते मोजावे. मग शाळेतले हातोडे, कात्र्या, खुरपी आणि क्रिकेटच्या बॅटी आणून, कोणाच्या हाताला काय बसते ते पाहावे. खुरप्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळणाऱ्या शेतमजूर बाईने हाच प्रयोग केव्हाच केलेला असतो. तिने किती जाडीची चिंधी गुंडाळली आहे आणि ती का, हे विद्यार्थ्यांनी तिलाच विचारून लिहून आणावे.